हवेचा दाब आणि पेट्रोलचे माप

टर्बोचा शोध कोणी लावला हे कोणत्याही यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडते. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवावा आणि त्याच्या साहाय्याने सिलिंडरात जादा हवा कोंबावी, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने 1905 साली पेटंट करून ठेवली. परंतु कोंबलेली हवा किती, हे इंजिनाला कळावे कसे? मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न पुढे पाऊणशे वर्षे रेंगाळला, आणि आमच्या मते खरी कथा तीच आहे.

एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. साध्या इंजिनात हवेचा दाब वायुमंडलापलीकडे सहसा जात नाही. फेरे किती आणि झडप किती उघडी, एवढ्यावरून हवेचा अंदाज बांधता येतो. टर्बो आला की हा हिशेब कोलमडतो. फेरे तेच, चालकाचा पाय तेथेच. पण पंखा वेगात आलेला नसेल तर हवा थोडी, आणि दोन क्षणांनी तीच दीडपट. पेट्रोल मात्र जुन्याच मापाने पडले तर मिश्रण विरळ होते, अवेळी पेट घेते, इंजिन ठोके देऊ लागते आणि शेवटी पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळते.

1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार निघाली. ठोके थांबावेत म्हणून कारखान्याने पाणी व मिथिल अल्कोहोल यांची टाकी दिली होती. दाब चढला की ते पाणी आत शिंपडले जाई. टाकी रिकामी झाली तर दाब रोखणारी झडपही होती. गिऱ्हाइके टाकी भरीनात. (रेडिएटरात पाणी घालण्याचा ज्यांना कंटाळा, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा!) 1963 नंतर ती गाडी बंद झाली.

मापाचा मार्ग दुसरीकडून आला. 1967 साली जर्मनीच्या बॉश कंपनीने फोक्सवॅगन 1600 साठी डी-जेट्रॉनिक ही विजेवर चालणारी इंधनयोजना दिली. 'डी' म्हणजे जर्मन 'ड्रुक', दाब. वायुभारमापकात असते तशी निर्वात डबी हवेच्या नळीला जोडलेली असे. दाबाप्रमाणे ती फुगे वा आक्रसे, लोखंडाचा तुकडा तारेच्या वेटोळ्यात सरके आणि पेट्रोलची तोटी किती वेळ उघडी राहायची ते त्यावरून ठरे. ही गाडी मात्र बिनटर्बोची होती. पुढे 1984 साली क्रायस्लरने 2.2 लिटरच्या टर्बो मोटारींत वायुमंडलावरचा दाबही मोजणारा सेन्सर घातला आणि पेट्रोल त्याच्या साक्षीने ठरविले.

आज जुन्या गाडीला बाहेरून टर्बो बसवून घेणारे हौशी पुष्कळ. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळचा सेन्सर एका वायुमंडलाला सुमारे 5 व्होल्ट दाखवून थांबतो; पुढे कितीही दाब चढो, त्याचे उत्तर तेच. दुप्पट पल्ल्याचा सेन्सर लावला तर एका वायुमंडलाला तो सुमारे अडीच व्होल्ट देतो. संगणकातील कोष्टक जुनेच राहिले तर हे अडीच व्होल्ट तो अर्धे वायुमंडल समजेल आणि पेट्रोलही निम्म्याच्या आसपासच देईल. म्हणजे सेन्सर आणि कोष्टक दोन्ही बदलावी लागतात.

आमच्या चालक-संघटनेकडे असेच एक प्रकरण आले होते. मालकाने टर्बो बसवून घेतला, सेन्सर बदलला नाही. घाटात पिस्टन जळाले आणि चालकाचा तीन महिन्यांचा पगार कापण्याचे ठरले. गाडी दामटली, असा आरोप. आम्ही चौकशीत एवढेच विचारले की हवेच्या नळीवर सेन्सर कोणता आहे. गॅरेजच्या मिस्त्रीने प्रामाणिकपणे सांगितले, जुनाच. दोन महिन्यांचा पगार परत मिळाला. तिसऱ्याचे भांडण अजून चालू आहे.