विमान संशोधनात सरकार पैसा का घालतं? नगरच्या इंजिनाची गोष्ट

प्रवरेकाठच्या कोल्हारमधून जाणारा नगर-मनमाड महामार्ग धरून दक्षिणेला गेलं की अहिल्यानगर लागतं. तिथे डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे, व्हीआरडीई. तिची ओळख लष्करी वाहनांसाठी. पण भारतातलं पहिलं स्वदेशी वांकेल इंजिन तयार करण्यातही तिचा वाटा आहे.

हे इंजिन कशासाठी होतं?

‘निशांत’ या लष्करी टेहळणीच्या वैमानिकरहित विमानासाठी. त्याला परदेशी इंजिन बसवलेलं होतं. वांकेल इंजिनात खाली-वर होणारे पिस्टन नसतात, तीन कोपऱ्यांचा रोटर गोल फिरतो. त्यामुळे वजनाच्या मानाने ताकद जास्त मिळते. हे इंजिन ५५ अश्वशक्तीचं होतं आणि वजन साधारण ३० किलो.

कोणी काय केलं?

इंजिनाचा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने (एनएएल) बनवला. इंधन आणि प्रज्वलन यंत्रणा नगरच्या व्हीआरडीईने केली. उड्डाण चाचणी बंगळूरच्याच एडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घेतली. ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातल्या कोलारजवळ (आपलं कोल्हार नव्हे) या इंजिनासह निशांत सुमारे ४० मिनिटं उडालं. तिन्ही संस्था सरकारी.

खासगी कंपन्या हे का करत नाहीत?

इंजिन विकसित करायला दहा-वीस वर्षं लागतात, आणि ते यशस्वी होईलच याची खात्री नसते. इतका काळ नफ्याविना थांबणं बहुतेक कंपन्यांना परवडत नाही. अमेरिकेतही सुरुवात सरकारनेच केली. १९१५ मध्ये तिथे ‘नाका’ ही सरकारी समिती स्थापन झाली. तिने अभ्यासलेले पंखांचे आकार जगभरच्या विमान कंपन्यांनी वापरले. १९५८ मध्ये तिचीच ‘नासा’ झाली.

पैसा घातला की यश मिळतंच का?

नाही. लष्कराला मिळालेली चारही निशांत अपघातात गेली आणि २०१५ मध्ये लष्कराने पुढची खरेदी थांबवली. लढाऊ विमानासाठीचा ‘कावेरी’ इंजिन प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला, पण २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा करावा लागला. करदात्याने हिशेब विचारणं रास्तच आहे.

मग संशोधन न करण्याची किंमत किती?

ती नाशिकजवळ ओझरला दिसते. तिथल्या एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ आणि सुखोई-३० परवान्याने बनली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केलं. पण तेजसचं इंजिन अमेरिकी आहे. त्याचा पुरवठा रखडल्याने हवाई दलाला विमानं मिळायलाही उशीर झाला. परवान्यावर विमान जोडता येतं, पण इंजिन कसं घडवायचं हे ज्ञान त्यातून मिळत नाही. ते स्वतःच्या प्रयोगशाळेत चुकतमाकतच कमवावं लागतं.

आता काय बदलतंय?

२०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या निधीतला २५ टक्के वाटा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला झाला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने खासगी संशोधनाला दीर्घ मुदतीचं भांडवल देण्यासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली. निधीइतकाच महत्त्वाचा आहे धीर: एक प्रकल्प फसला म्हणून त्यावर शिकलेली माणसं पांगू न देणं.