वरचं पाणी खाली येतं का?

पाणी हळूहळू वाहतं, हे सांगायला इंग्रजीत शब्दांची रेलचेल आहे. ट्रिकल, ड्रिप, सीप, ऊझ, लीक, ड्रिबल, पर्कोलेट. मराठीही मागे नाही: ठिबकणं, पाझरणं, झिरपणं, ओघळणं, निथळणं, मुरणं. गंमत म्हणजे यातले बरेच शब्द पाण्यापेक्षा माणसांबद्दल बोलतानाच जास्त कामाला येतात. आपल्याकडे दगडाला पाझर फुटतो, एखाद्या व्यवहारात कुठेतरी पाणी मुरत असतं. तिकडे बातमी लीक होते. आणि ज्या ‘ड्रिप’ने आज रीलमधल्या भारी कपड्यांचं कौतुक होतं, तोच शब्द आपल्या पणजोबांच्या काळात इंग्रजीत मुळमुळीत, कंटाळवाण्या माणसासाठी वापरायचे.

नीट पाहिलं तर यातल्या प्रत्येक शब्दात एक प्रश्न दडलेला आहे: प्रवाहावर ताबा कुणाचा? ड्रिबल हे मुळात थेंबाथेंबाने गळणं. पण फुटबॉलमध्ये गेल्यावर ताबा खेळाडूच्या पायाशी आला. लीकमध्ये ताबा सुटलेला असतो. आम्ही कोड लिहिणारे ‘मेमरी लीक’ म्हणतो, तेव्हा प्रोग्रॅमने घेतलेली मेमरी परत केलेली नसते आणि दोष कोडचाच असतो. ट्रिकल वेगळा आहे. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत असलेला हा शब्द सुरुवातीला बरेचदा अश्रूंसाठी यायचा. ट्रिकलमध्ये कुणी काही करत नाही. वरचं खाली येतं, बस्स. काम गुरुत्वाकर्षणाचं.

राजकारणाला असा शब्द आवडणारच. मात्र त्याची एक मोठी चाचणी ट्रिकलच्या नव्हे, तर फिल्टरच्या नावाने भारतात झाली.

२ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने शिक्षणावरचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की हाताशी असलेल्या साधनांत सगळ्या जनतेला शिकवणं शक्य नाही. म्हणून इंग्रजी शिकलेला एक वर्ग तयार करावा आणि त्याने ज्ञान पुढे लोकांपर्यंत न्यावं. या धोरणाला पुढे ‘डाउनवर्ड फिल्ट्रेशन’ हे नाव चिकटलं. म्हणजे ज्ञान वर ओतायचं, ते झिरपत खाली जाईल.

आता फिल्टर हा शब्द आला कुठून? लोकरीच्या नमद्यावरून. नमद्यातून द्रव गाळायचे म्हणून मध्ययुगीन लॅटिनमध्ये गाळणीला तेच नाव पडलं. गाळणीचं काम काय, हे चहा करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे: काही खाली सोडायचं आणि काही वर अडवायचं. धोरणाच्या नावात अर्धं सत्य आधीच लिहिलेलं होतं, पण वरून पाहणाऱ्यांना फक्त खाली पडणारे थेंब दिसत होते.

खालून पाहणारा माणूस पुण्यात होता. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढली होती, तेव्हा काय झिरपतं आणि काय अडतं याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी या सिद्धांताला सरळ हात घातला. वरच्या वर्गाने आपल्याजवळचं ज्ञान खालच्यांना वाटल्याची उदाहरणं दाखवा, असा त्यांचा रोख होता. सरकारचा बराचसा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर, हेही त्यांनी मांडलं. मागणी होती निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची, आणि शक्यतो शेतकरी कुटुंबांतूनच तयार केलेल्या शिक्षकांची. थोडक्यात, झिरपण्याची वाट पाहू नका, थेट पोचवा.

त्याच काळात, त्याच मुंबई इलाख्यातून घडलेले दादाभाई नौरोजी दुसऱ्या प्रवाहाबद्दल बोलत होते: भारतातून इंग्लंडकडे वाहून जाणाऱ्या संपत्तीबद्दल. त्यांचा शब्द होता ‘ड्रेन’. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गाळून घेणं, निथळवणं असा होता, आणि ‘ड्राय’ म्हणजे कोरडा हा त्याचाच भाऊबंद. नौरोजींचं वैशिष्ट्य असं, की ते उपमेवर थांबले नाहीत. आयात-निर्यातीचे आकडे मांडून त्यांनी पाणी कोणत्या नळातून, कुणाकडे जातं ते दाखवलं.

अमेरिकेत हीच भाषा पैशाबद्दल आली. १८९६ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी शिकागोच्या अधिवेशनात श्रीमंतांची भरभराट खाली गळत येईल या कल्पनेवर टीका केली. त्यांनी क्रियापद वापरलं ते लीक. १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, विनोदी लेखक विल रॉजर्स यांनी ट्रिकल आणला. त्यांचा टोला राष्ट्राध्यक्ष हूवर यांना होता: हे गृहस्थ इंजिनियर, पाणी खाली ओघळतं हे त्यांना माहीत, पैसा वर ओघळतो हे मात्र ठाऊक नाही. म्हणजे ‘ट्रिकल डाउन’ लोकप्रिय झालं ते थट्टेतून. आजही या धोरणाचे समर्थक हे नाव सहसा स्वतःहून घेत नाहीत. १९८१ मध्ये रेगन यांचे अर्थसंकल्प संचालक डेव्हिड स्टॉकमन यांनी ‘अटलांटिक’ मासिकाच्या पत्रकाराशी बोलताना नवं धोरण हे मुळात ट्रिकल डाउनच असल्याची कबुली दिली, तेव्हा म्हणूनच गदारोळ झाला.

मराठीत लिहिताना फिल्ट्रेशन असो की ट्रिकल डाउन, हाताला ‘झिरपणं’ हे एकच क्रियापद येतं. त्यामुळे पुण्यातला आणि वॉशिंग्टनमधला वाद मराठीत शेजारी बसतात. मला हे बरंच वाटतं, कारण वाद खरोखरच एक आहे.

आणि झिरपणं म्हणजे काय हे महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. १९७२ च्या दुष्काळाने गावोगावी पाझर तलावांची कामं काढायला लावली. पाझर तलाव आपोआप पाझरत नाही. खालचा खडक भेगाळ, पाणी मुरू देणारा आहे का ते पाहून जागा निवडावी लागते, बांध घालावा लागतो, तळाशी साचलेला गाळ काढत राहावं लागतं. नाहीतर पाणी वरच राहतं आणि उन्हाने उडून जातं. खालची विहीर कोरडीच. म्हणून कुणी ‘फायदा खाली झिरपेल’ म्हणालं, की एवढं विचारायला हरकत नाही: मधला खडक कोणता आहे, आणि गाळ कोण काढणार?