अनुस्वार आणि पीडीएफ

मंडळी, गांधी सेवा संघाचे अधिवेशन १९३६ साली आमच्या सावलीला भरले होते आणि गांधीजी स्वतः आले होते. त्या काळातले कागद, फोटो हल्ली आपण स्कॅन करून पीडीएफने एकमेकांना पाठवतो. फाइल जड झाली की 'लहान' करतो. लहान करताना नेमके काय टाकून देतो, याचाही एक इतिहास आहे.

आधी थोडे गणित. (मास्तराची खोड!) ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. ठिपक्याला तीन बाइट धरले तर न दाबता एक पान २५ एमबीचे. १५० डीपीआयला ठिपके पावपट होतात आणि पडद्यावर वाचायला तेवढे पुरतात.

याहून मोठी बचत ज्या गणिताने होते ते बंगळूरला शिकलेल्या नासिर अहमद यांचे. १९७२ साली त्यांनी अमेरिकेत त्यासाठी अनुदान मागितले, ते नाकारले गेले. तरीही नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली त्यांनी निबंध छापला. त्याच पायावर १९९२ साली जेपेगचे मानक आले आणि १९९३ साली आलेल्या पीडीएफनेही ती पद्धत घेतली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, त्यातले ठळक बदल ठेवायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक बदल टाकायचे.

फोटोला हे चालते. पण आपल्या लिपीत बारीक ठिपक्यालाही अर्थ असतो! जुन्या कागदांत 'गांव', 'नांव' असे लिहिलेले असते. न उच्चारले जाणारे ते अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, पण विचार करून गेले. ७२ डीपीआयवर बारीक छपाईतला अनुस्वार जेमतेम एका ठिपक्याएवढा उरतो. तो पुसला गेला तर पुढच्या वाचकाला वाटेल, १९३६ सालीही लोक आजच्यासारखेच लिहीत होते.

म्हणून माझी पद्धत अशी : मूळ स्कॅन ३०० डीपीआयचे, हात न लावता दोन ठिकाणी जपायचे. नातलगांना १५०ची प्रत पाठवायची. पाठवण्यापूर्वी एक ओळ मोठी करून अनुस्वार शोधायचा. दिसला तर खुशाल पाठवा.

असो. तुमच्या घरच्या ट्रंकेत असे कागद असतील तर जरूर कळवा.