सोप्या बाजूचा गुंता

१९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्त्स आणि म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता आढळली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला सांगायचे आहे ते तिच्या मागाहून उलगडलेल्या भागाविषयी.

मूळ ऑक्साइड विजेचे दुर्वाहक. त्यातल्या लॅन्थॅनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्रॉन्शियम घातले की तांब्याच्या थरांत इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा तयार होतात आणि वीज वाहू लागते. तांब्याच्या एका अणूमागे अशा ०.१६ जागा असताना अतिसंवाहकता सर्वांत बळकट असते; ०.२७ च्या सुमारास ती संपते. मधला पट्टा जादा भेसळीचा. संशोधकांनी हीच बाजू सोपी मानली होती. कमी भेसळीकडे सगळा गोंधळ. इथे मात्र पदार्थ साध्या धातूसारखा वागेल, लान्दाऊचा १९५६ चा सिद्धांत लागू पडेल आणि थंडीत रोध तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलेल, असा भरवसा होता. २००८ मध्ये थॅलियमच्या क्युप्रेटमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रोधाची आंदोलने दिसली, तेव्हा तो भरवसा पक्काच झाला.

तो वर्षभरही टिकला नाही. २००९ साली प्रबळ क्षेत्राने अतिसंवाहकता दडपून लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम स्फटिकांचा रोध मोजला गेला. तापमानाच्या सरळ प्रमाणात बदलणारा भाग अगदी कडाक्याच्या थंडीतही शिल्लक होता, आणि तोही एखाद्या भेसळीपुरता नव्हे, जवळजवळ पट्टाभर!

खरा पेच इथून पुढे आहे. बोल्ट्झमानच्या जुन्या समीकरणात प्रत्येक इलेक्ट्रॉन बाजारातून वाट काढणाऱ्या माणसासारखा असतो: धावतो, धडकतो, वळतो. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये दोन निबंध आले. एकाने निओडिमियम मिसळलेल्या क्युप्रेटवर हेच समीकरण वापरले; धडकांचा तापमानाशी बदलणारा भाग सर्व दिशांना सारखा धरला आणि मोजमापे जुळवून दाखवली. दुसऱ्याने थॅलियम व बिस्मथच्या क्युप्रेटांत पाहिले की चुंबकीय क्षेत्राने वाढणारा रोध क्षेत्राची दिशा किंवा स्फटिकातली अशुद्धता यांना फारसा जुमानत नाही. म्हणजे विजेचा काही भाग अशा गर्दीतून वाहतो, जिथे एकेकटा माणूस वेगळा ओळखूच येत नाही.

पदार्थ निराळे होते, म्हणून दोघेही आपापल्या जागी बरोबर, असे म्हणता येईल. आम्हांला ते पटत नाही. तांब्याचे थर तर सगळीकडे तेच आहेत.