वेदनाशमनाचे परिचारिका-शिक्षण

देशातले पहिले हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह), शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचे उपशामक शुश्रूषा केंद्र आले. लातूर-नांदेडच्या रुग्णाला दोन्ही दूरच. तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनची वाटही १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने अडवली होती. २०१४च्या दुरुस्तीने ती बरीच मोकळी झाली.

म्हणून अशा रुग्णाजवळच्या परिचारिकेने शिकायचे ते बारकाईचे: वेदना शून्य ते दहा अशी मोजणे, मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक देणे, तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेची दुर्गंधी मेट्रोनिडॅझोलच्या पुडीने कमी करणे. दुर्गंधी हटली की नातेवाईक पुन्हा खाटेजवळ बसतात. म्हणून हे कौशल्य गोळ्यांइतकेच मोलाचे. २०२१च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात उपशामक शुश्रूषेचा स्वतंत्र भाग आला. त्याआधी शिकलेल्या परिचारिकांना मात्र ते नोकरीत असतानाच शिकवावे लागते.