जुन्या संगणकावर फॅक्स

यवतमाळ ते नागपूर हे अंतर रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. १९८०च्या दशकात यवतमाळच्या वार्ताहराला नागपूरच्या दैनिकाकडे मजकूर पाठवायचा असला, तर त्याच्यापुढे मोजकेच मार्ग असत. सावकाशीची बातमी असेल तर हाताने लिहिलेले कागद पाकिटात घालून ते एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली करायचे. तातडीची असेल तर ट्रंक कॉल लावून ओरडून सांगायची, नाहीतर तारघर गाठायचे. (रेल्वे होती, पण ती नॅरोगेजची आणि मूर्तिजापूरकडे जाणारी. शकुंतलेच्या वेगाने बातमी पाठवण्यात अर्थ नव्हता.)

तारेची अडचण लिपीची होती. तारयंत्राला अक्षर कळत नाही, अक्षराचा ठरवून दिलेला संकेत कळतो. मोर्सचे संकेत रोमन अक्षरांसाठी बसवलेले होते. भारतात १९४९ साली देवनागरी तार सुरू झाली खरी, पण ती सोय सगळ्या तारघरांत नव्हती आणि मराठी मजकूर रोमन लिपीत लिहून पाठवणे चालूच राहिले. त्यात काय होते हे करून पाहण्याजोगे आहे. व्ही, ए, डी, आय ही चार अक्षरे लिहिली तर ती वाडी, वादी की वडी? एम, ए, एल म्हणजे माल, माळ की मळ? ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ एकच होऊन जातात. कापसाच्या बाजारात ‘माल’ ओळखू येईल, पण उमरखेड किंवा झरी-जामणीकडच्या एखाद्या लहानशा गावाचे नाव नागपूरच्या उपसंपादकाला कसे ओळखू येणार?

एस.टी.डी.ची सोय झाली, पाठोपाठ फॅक्स यंत्रे आली आणि ही अडचण जवळजवळ एका फटक्यात संपली. वार्ताहराने हाताने लिहिलेले पान, त्यातल्या खाडाखोडीसकट, नागपूरला जसेच्या तसे निघू लागले. आम्ही तेव्हा यवतमाळला शाळेत होतो. पी.सी.ओ.च्या पिवळ्या पाटीवर ‘फॅक्स’ हा शब्द नव्याने रंगवला गेला तो काळ आम्हाला आठवतो. फॅक्स पाठवण्याआधी फोनवर ‘टोन द्या’ असे सांगावे लागे, हेही आठवते.

पण हे यंत्र नवे नव्हते. फॅक्सची कल्पना दूरध्वनीपेक्षा तेहेतीस वर्षांनी जुनी आहे. बेलचा दूरध्वनी १८७६ सालचा. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने चित्र तारेने पाठवण्याच्या यंत्राचे पेटंट १८४३ साली घेतले. तो घड्याळजी होता हे महत्त्वाचे. दोन टोकांना दोन लंबक एकाच लयीत हलवायचे. पाठवणाऱ्या लंबकाची सुई धातूच्या उठावाच्या अक्षरांवरून फिरते. धातू लागला की प्रवाह वाहतो, नाही लागला की थांबतो. घेणाऱ्या टोकाची सुई रसायनात भिजवलेल्या कागदावरून तशीच फिरते आणि प्रवाह आला की कागदावर डाग पडतो. एक रेघ झाली की पुढची. सगळी मेख दोन्ही लंबक बरोबरीने हलण्यात आहे. एक जरा मागे पडला तर अक्षरे तिरपी होतात. इटलीच्या कासेल्ली यांनी ही कल्पना व्यवहारात आणली आणि १८६५ साली पॅरिस आणि लिआँ या शहरांत अशी सेवा सुरू झाली.

म्हणजे अक्षराला संकेत न देताही ते पाठवता येते हे १८६५ सालीच सिद्ध झाले होते. मग जगाने मोर्स का निवडला? कारण मोर्स स्वस्त पडतो. एका इंग्रजी अक्षराला चार-पाच ठोके पुरतात, तर त्याच अक्षराच्या चित्राला शेकडो ठिपके लागतात. ज्यांची लिपी सव्वीस अक्षरांत बसते त्यांना चित्राची गरज नव्हती. जपानला होती, कारण तिथे चित्राक्षरे हजारोंनी आहेत. १९२८ साली निवा आणि कोबायाशी या जपानी अभियंत्यांच्या यंत्राने सम्राटाच्या राज्यारोहणाची छायाचित्रे क्योटोहून टोकियोला पाठवली. पुढे कार्यालयीन फॅक्स यंत्रे घडवण्यात जपान आघाडीवर राहिला, यामागे त्याच्या लिपीचा मोठा वाटा आहे.

जगभरची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली ती १९८० साली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने ‘गट ३’ नावाचे मानक ठरवले. त्यानुसार पानाच्या एका आडव्या रेघेत १७२८ ठिपके असतात आणि उभ्या दिशेने दर मिलिमीटरला ३.८५ रेघा. ए-४ कागद २९७ मिलिमीटर उंच, म्हणजे सुमारे ११४३ रेघा. गुणाकार करा: जवळजवळ पावणेवीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच सांगायचे, तरी सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने एका पानाला जवळपास साडेतीन मिनिटे लागतील. एस.टी.डी.च्या दरात हे कोणाला परवडणार?

म्हणून ठिपके न सांगता त्यांच्या पट्ट्यांची लांबी सांगायची. ‘इतके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे.’ जी लांबी वारंवार येते तिला छोटा संकेत, जी क्वचित येते तिला मोठा. ही हफमन यांची १९५२ सालची युक्ती. पूर्ण कोऱ्या रेघेचे १७२८ ठिपके १७ बिटांत सांगून होतात, रेघ संपल्याची १२ बिटांची खूण धरली तर २९. इथे देवनागरीची एक गंमत आहे. दहा मिलिमीटर लांबीच्या शब्दाची शिरोरेखा म्हणजे सलग ऐंशी काळे ठिपके, आणि त्यांना फक्त २० बिट लागतात. खाली काने आणि वेलांट्या सुरू झाल्या की पट्ट्या तुटतात. तरी दोन किंवा तीन ठिपके जाडीच्या काळ्या पट्टीला अवघ्या दोन बिटांचा संकेत दिलेला असल्याने तेही महाग पडत नाही. संकेतांची पारख करण्यासाठी जी आठ नमुन्याची पाने वापरत, त्यांत इंग्रजी, फ्रेंच आणि जपानी मजकूर होता, देवनागरी नव्हता. तरीही आपले काम भागले. कारण यंत्राला लिपी माहीत असण्याची गरजच नव्हती.

आता संगणकाकडे वळू. फॅक्स यंत्राच्या आत शेवटी ठिपकेच येतात, तर ते कागदाऐवजी संगणकाने का घेऊ नयेत? अमेरिकेत १९८५ साली ‘गॅमाफॅक्स’ हे संगणकात बसवायचे कार्ड निघाले. पुढे फॅक्स समजणारे मोडेम स्वस्त झाले आणि १९९० साली कॅनडातल्या डेलरिना कंपनीचे ‘विनफॅक्स’ आले. त्यानंतर घरच्या संगणकावर फॅक्स घेणे ही हौशी माणसांच्या आवाक्यातली गोष्ट झाली. ज्याच्याकडे जुना संगणक पडून होता, त्याला वेगळे फॅक्स यंत्र घेण्यापेक्षा हे बरे वाटे.

जुना म्हणजे किती जुना चालेल? १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात आपल्याकडच्या काही शाळांना बी.बी.सी. मायक्रो मिळाले होते. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट, आणि फॅक्सचे एक उलगडलेले पान २४० किलोबाइटच्या वर. ते तिथे मावणारच नाही. पी.सी.-एक्स.टी.च्या ६४० किलोबाइटमध्ये मावते. पण खरी अडचण जागेची नाही, वेळेची आहे. ९६०० बिट म्हणजे सेकंदाला १२०० बाइट. जुन्या संगणकाच्या सीरियल जोडणीतील ८२५० क्रमांकाच्या चिपमध्ये, आलेला एकच बाइट थांबू शकतो. प्रोसेसर तेव्हा डिस्कवर काही लिहिण्यात गुंतला असेल, तर पुढचा बाइट आधीच्याला पुसून टाकतो. पाठवणारा थांबत नाही, कारण फॅक्समध्ये पान सुरू असताना ‘जरा थांबा’ म्हणण्याची सोयच नाही. यावरचा उपाय म्हणजे १६५५०ए ही चिप. तिच्यात सोळा बाइटांची रांग लागू शकते. एवढ्या छोट्या ओट्याने किती फरक पडावा! ज्या संगणकावर पानोपानी आडवे ओरखडे येत, त्यावर चिप बदलताच स्वच्छ पाने येऊ लागत.

दुसरी निवड मोडेमची. मोडेमला ‘एटी+एफक्लास=?’ असे विचारले की तो ‘०,१,२’ असे काहीतरी उत्तर देतो. क्लास १ म्हणजे संवादाचे सगळे शिष्टाचार संगणकाने सांभाळायचे, क्लास २ म्हणजे त्यातले बरेचसे मोडेमच सांभाळतो. मंद संगणकाला क्लास २ बरा. ते शिष्टाचार ऐकूही येतात. फोन करणारे यंत्र दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा सूर देते. घेणारे २१०० हर्ट्झच्या सुराने उत्तर देते. मग दोघे सेकंदाला ३०० बिटांच्या संथ गतीने आपापल्या क्षमता सांगतात. इथे संगणकाला एक फायदा मिळतो. फॅक्स यंत्राला कागद सरकवायला वेळ लागतो, म्हणून ते ‘दर रेघेला निदान अमुक मिलिसेकंद घे’ असे सांगते. संगणकाला कागदच नसल्याने तो शून्य सांगू शकतो. मग कोऱ्या रेघा भराभर निघून जातात.

यवतमाळसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागत. एक वीज. रात्री अकरानंतर एस.टी.डी. स्वस्त, म्हणून फॅक्स रात्री येणार, आणि संगणक रात्रभर चालू हवा. दुसरी, ओळीतली खरखर. पट्ट्यांच्या साध्या संकेतात खरखरीने एक रेघ बिघडली तर बिघाड पुढच्या खुणेपाशी थांबतो. अधिक दाबणारा दुसरा संकेत प्रत्येक रेघ आधीच्या रेघेशी ताडून सांगतो, त्यात बिघाड खालच्या रेघांत उतरतो. खराब ओळीवर साधा संकेत निवडणेच शहाणपणाचे होते. आम्ही अलीकडे एका जुन्या संगणकावर हे करून पाहिले. तांब्याच्या ओळी कमी होत चालल्या आहेत आणि इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनमध्ये आवाज दाबला जात असल्याने फॅक्सचे सूर बिघडतात. म्हणून प्रत्यक्ष फोनच्या ओळीऐवजी दोन मोडेम एकमेकांना जोडून मध्ये ९ व्होल्टची बॅटरी आणि काहीशे ओहमचा रोध घातला. बहुतेक जुने मोडेम एवढ्यावर भुलतात. वर्गात दाखवायला हा प्रयोग छान आहे. मात्र ही जोडणी चालू फोनच्या ओळीला कधीही जोडू नये.

कोणी विचारेल, संगणक आला होता तर मजकुराची फाइलच का पाठवली नाही? इथे पुन्हा लिपी आडवी आली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली ठरले होते, आणि पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ तंत्रही होते. पण छपाईच्या व्यवसायात प्रत्येक फॉन्टवाल्याचे संकेत निराळे होते. एकाकडे टंकलेली मराठी दुसऱ्याकडे उघडली की निव्वळ कचरा दिसे. म्हणून संगणकावर मराठी टंकायची, ती छापायची आणि फॅक्स करायची, असा उलटा प्रवास कितीतरी वर्षे चालला. युनिकोड रुळेपर्यंत मराठी मजकूर पोहोचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याचे चित्र पाठवणे हाच होता. मात्र याची किंमतही मोजावी लागली. ज्या संगणकाने पान घेतले त्याला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. शंभर पानांत ‘पुसद’ कुठे आहे हे माणसानेच डोळे ताणून शोधायचे.

आणि ती पाने टिकली का? फॅक्स यंत्राचा गुळगुळीत कागद उष्णतेने काळा होणारा असतो. त्याच्या लेपातले रंगद्रव्य आणि आम्ल तापले की संयोग पावतात. हा संयोग कायमचा नसतो. उजेड, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमधली द्रव्ये यांनी तो सुटतो. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथल्या कपाटात पंचवीस-तीस वर्षांत काय उरणार? त्या काळच्या फायली उघडल्या की वर शाईची सही आणि आवक क्रमांक दिसतो, खाली फिकट पिवळा कोरा कागद. संगणकावर घेतलेले फॅक्स बहुधा टिफ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवत. त्यांतल्या ज्या बुरशी न लागलेल्या फ्लॉपीवर वाचल्या, त्या आजही साध्या चित्रदर्शकात उघडतात. गट ३चे पट्ट्यांचे संकेत आणि त्यांचाच पुढचा अवतार असलेले गट ४चे संकेत अजून वापरात आहेत. १९९३ साली आलेल्या पीडीएफमध्येही ते आहेत. शिक्षण विभागाचे स्कॅन केलेले एखादे काळे-पांढरे परिपत्रक आपल्या मोबाइलवर येते, तेव्हा त्यातली शिरोरेखा पुष्कळदा याच संकेतांनी आलेली असते.