चांदीपुरा: नाव सापडलं, आजार विसरलो

मोहाडीत बोलतोय, म्हणून सुरुवात इथल्याच मोसमापासून करतो. मृग लागतो, धानाचे पऱ्हे टाकले जातात. अशाच दिवसांत एखादं धडधाकट लेकरू सकाळी तापाने फणफणतं, दुपारी उलट्या, संध्याकाळी आकडी, आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्ध. भंडाऱ्याला, नागपूरला नेईपर्यंत कधी कधी सारं संपलेलं असतं. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. कागदावर लिहितात, मेंदूज्वर. पण बघा, ‘मेंदूज्वर’ हे लक्षणाचं नाव झालं, कारणाचं नव्हे.

या आजाराचा इतिहास आपल्या शेजारीच आहे. 1954 साली जमशेदपूरला मुलांमध्ये असाच ताप आला होता. कारण कळलं नाही, म्हणून लोक त्याला ‘जमशेदपूर ताप’ म्हणू लागले. 1965 साली नागपुरात तापाची साथ आली, डेंग्यू आणि चिकुनगुनियाची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, रक्ताचे नमुने तपासले. तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात एक तिसराच विषाणू सापडला. नागपूरच्या चांदीपुराचं नाव त्याला मिळालं. 1967 मध्ये भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी तो जगापुढे मांडला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्या कुळातला.

आता इथे चूक काय झाली? त्या दोघांना साधा ताप होता. त्यामुळे हा विषाणू फारसा घातक नाही, असं धरलं गेलं. पुढे तो औरंगाबादच्या वाळूमाशीत मिळाला. 1980 साली रायपूरच्या एका मेंदूज्वराच्या मुलाच्या रक्तातही मिळाला. धोक्याची घंटा तेव्हाच वाजायला हवी होती, पण फाईल पुन्हा बंद झाली.

2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली, 183 दगावली. तेव्हा कुठे 38 वर्षांपूर्वीचं नाव आठवलं. तरीही वाद झालाच. काही डॉक्टरांचं म्हणणं, हा मेंदूज्वर नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आघात आहे. असा वाद होतो, कारण मूल एक-दोन दिवसांत जातं आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो.

मग 2007. आपल्याच नागपूर विभागात, जून ते सप्टेंबर, 78 मुलं. शंभरात जवळपास 44 गेली. तपासणीत 39 मुलांमध्ये चांदीपुरा सापडला. म्हणजे बरोबर निम्म्यांत. उरलेल्या 39 जणांचं काय? त्यांच्या आईबापांना आपण अजून उत्तर दिलेलं नाही. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा हाच. एक नाव सापडलं की आपल्याला वाटतं, कोडं सुटलं. ते अर्धंच सुटलेलं असतं.

2024 मध्ये गुजरात आणि आसपास पुन्हा साथ आली. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मेंदूज्वराचे 245 रुग्ण, 82 मृत्यू; त्यांपैकी चांदीपुरा सिद्ध झाला 64 जणांत. म्हणजे प्रश्न तोच, फक्त साल वेगळं. आजही या आजारावर वापरात लस नाही, खास औषधही नाही.

हे मागे का राहतं? आजार खेड्यातला, मुलांचा, गरिबाच्या घरचा. वाळूमाशी मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या ओलाव्यात राहते. साथ दोन-तीन महिन्यांत ओसरते, तिच्याबरोबर लक्षही ओसरतं.

म्हणून दोन साध्या गोष्टी सांगतो. भेगा लिंपा, गोठा कोरडा ठेवा, लेकरांना मच्छरदाणीत झोपवा. वाळूमाशी डासापेक्षा बारीक, तेव्हा जाळी बारीक विणीची हवी. आणि तापात आकडी आली तर वाट न पाहता दवाखाना गाठा, नमुना पहिल्याच दिवशी घ्यायला सांगा. लेकरू वाचलं नाही तरी नमुना पुण्याला पोहोचला पाहिजे. 1965 साली दोन माणसांच्या रक्तामुळेच तर आपल्याला नाव कळलं. उरलेलं उत्तरही तसंच मिळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.